वरंबा नसलेलं दार

तिसऱ्या वॉर्डाचं बातमीपत्र दर शुक्रवारी येतं आणि मी ते कधीच वाचत नाही. आमची नगरसेविका जोडी लाकसो ते लिहिते. जोडीच्या दातांना तारा होत्या तेव्हापासून मी तिला ओळखते, त्यामुळे ती मला काही नवीन सांगेल असं मला वाटत नाही. कचऱ्याची गाडी सोमवारऐवजी मंगळवारी येईल. रात्री गाड्या रस्त्यावर ठेवू नका, नाहीतर उचलून नेऊ. नळाची बारीक धार सोडून ठेवा, म्हणजे पाइप गोठणार नाही. हे सगळं आमच्या पोर्ट हेलमरमध्ये शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

त्या शुक्रवारी मात्र डोना मॅकीने ते मला मोठ्याने वाचून दाखवलं. डोना माझी शेजारीण, आणि दुसऱ्याच्या घरात काय शिजतंय याचा वास तिला आधी लागतो. आम्ही दोघी बेकरीत नीसूच्या रांगेत उभ्या होतो. नीसू म्हणजे आमच्या फिनलंडच्या पणज्यांनी इकडे आणलेला वेलदोड्याचा गोड पाव, शुक्रवारी ताजा मिळतो, त्यामुळे अर्धी वस्ती तिथे होती.

"मार्लीन, तुझा नवरा पेपरात आलाय की!" डोना फोन नाकाशी धरून ओरडली. "ऐका गं सगळ्या!"

"आता काय केलं त्याने? कोणाची पत्रपेटी पाडली?"

"पाडली नाही. अगं, कौतुक आहे कौतुक!" आणि तिने वाचायला सुरुवात केली. "'टेकडीवरच्या स्प्रूस गल्लीत बर्फ हटवायची गाडी चालवणारे श्री. रॉय कांगस यांचे मनापासून आभार. माझ्या दारापाशी आले की ते न चुकता पातं वळवतात आणि बर्फ पुढे घेऊन जातात. कित्येक हिवाळे झाले, माझ्या दारात वरंबा पडलेला नाही. एकट्या बाईला याहून मोठा आधार कोणता? आपली, व्हिव्हियन ट्रेथवे.'"

पीठ मळणारी पोरगीसुद्धा थांबली.

आमच्या गावात नवऱ्याने दारू प्यायली, जुगार खेळला, तर लोक चार दिवस बोलतात आणि विसरतात. पण वरंबा ही गोष्ट वेगळी. बर्फाची गाडी रस्ता साफ करत जाते तेव्हा तिच्या पुढच्या रुंद पात्यावरचा सगळा बर्फ कडेला लोटला जातो, आणि कडेला तुमच्या गॅरेजसमोरची वाट असते. गाडी पुढे गेली की वाटेच्या तोंडावर कमरेएवढा वरंबा पडलेला असतो. तो भुसभुशीत नसतो. रस्त्यावरचं मीठ, पाणी, बर्फाचे गोटे, सगळं मिळून तो तासाभरात सिमेंटसारखा होतो. तो फोडल्याशिवाय तुमची गाडी बाहेर निघत नाही. इथे लोकांच्या पाठी मोडल्या आहेत वरंबा काढून, आणि दोघांची तर हृदयंही बंद पडली.

चालकाने मनात आणलं तर एक गोष्ट करता येते. दार आलं की पातं वळवायचं आणि बर्फ तसाच पुढे घेऊन जायचा. पण आपल्या वाट्याला आलेल्या पट्ट्यातल्या प्रत्येक दाराशी असं करत बसलं तर शहर दुपारपर्यंत उघडणार नाही. म्हणून नियम एकच, सगळ्यांच्या दारात वरंबा. आणि हा नियम माझ्या रॉयइतका कडक कोणी पाळला नाही. तो नवा होता तेव्हा त्याने स्वतःच्या आईच्या दारात वरंबा घातला होता. सासूबाईंनी गाडीवर बूट फेकून मारला. महापौरांच्या दारातही घातला. "वळवायचं तर सगळ्यांसाठी, नाहीतर कोणासाठीच नाही," हे त्याचं वाक्य. हे वाक्य मी किती ठिकाणी सांगितलं असेल! चर्चच्या जेवणात, लग्नात, दंतवैद्याच्या खुर्चीत तोंड उघडं असतानासुद्धा.

आणि माझ्या दारातला वरंबा? तो आधी दुसरा चालक, म्हातारा टॉइवो टाकायचा, या हिवाळ्यापासून केनी. आमची खालची वस्ती केनीच्या पट्ट्यात. मी एकदा रॉयला म्हणाले होते, "केनीला सांग ना, माझी कंबर धरते." तर म्हणाला, "नाही सांगणार. नियम आहे." मी कंबरेला पट्टा बांधला आणि बर्फ ढकलायचं मोठं सुपडं घेऊन बाहेर गेले. राग आला नाही. उलट अभिमान वाटला, की असा आहे माझा माणूस.

आता बेकरीत सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या.

"दिव्याखाली अंधार म्हणतात ते हेच," डोना म्हणाली. "तू इथे कंबर मोडून घेतेस, आणि वर टेकडीवर बाईसाहेबांच्या दारात गालिचा!"

"गप बस, डोना."

"मी कुठे काय म्हणाले? पण एक विचारू का? ऑक्टोबरात रॉयने पट्टा बदलून का नाही घेतला गं? वेन म्हणत होता की या वर्षी पहिली निवड त्याचीच होती."

डोनाचा नवरा वेन रस्ते खात्याच्या गॅरेजात मेकॅनिक आहे. तिथे दर ऑक्टोबरात भिंतीवर शहराचा नकाशा लावतात. सगळ्यात जुना चालक आधी पुढे येतो आणि आपल्याला हव्या त्या पट्ट्यावर आपल्या नावाची टाचणी टोचतो, मग त्याच्यामागचा, मग त्याच्यामागचा. रॉय नेहमी सांगायचा की खालची वस्ती सपाट आहे, सोपी आहे, ती जुने लोक घेऊन टाकतात. माझा नंबर येईल तेव्हा घेईन. मी त्या नंबराची वाट पाहत होते. आमच्या गल्लीत त्याची गाडी येईल, दुपारी तो घरी जेवायला येईल, निवृत्तीआधीचे हे शेवटचे हिवाळे तरी मला माझा नवरा दिवसा उजेडी दिसेल. ऑक्टोबरात तो घरी आला तेव्हा मी विचारलं होतं, "कोणता मिळाला?" तो बूट काढत म्हणाला, "तोच." मी समजले की या वेळीही कोणीतरी पुढे होतं.

पुढे कोणी नव्हतंच. म्हातारा टॉइवो वसंतात निवृत्त झाला होता. पहिली टाचणी रॉयची होती, आणि ती त्याने टेकडीवर टोचली.

मी नीसू न घेताच बाहेर पडले. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. मला त्या बाईचं तोंडही माहीत नव्हतं, पण मी तिला मनात उभी केली. पन्नाशीची, सडपातळ, ओठ रंगवलेले, गळ्यात मोती, आणि सकाळी सकाळी खिडकीत रेशमी झगा घालून उभी.

संध्याकाळी रॉय जेवायला बसला. मी पास्टी केल्या होत्या, मांस, बटाटे आणि सलगम भरून. त्याने केचपची बाटली उघडली.

"पेपरात नाव आलंय तुझं," मी म्हणाले.

"हं."

"कोण ही ट्रेथवे?"

"गल्लीच्या टोकाला राहते."

"मग टोकाला राहणाऱ्यांच्या दाराशी पातं वळवायचं असा नवा नियम आलाय का? माझी ऐंशीची सासू बूट फेकत मेली, तिच्या दाराशी नाही वळलं!"

त्याने पास्टीचा मोठा तुकडा तोंडात कोंबला. रॉयला उत्तर द्यायचं नसलं की त्याला भूक लागते.

"आणि ऑक्टोबरात पहिली टाचणी तुझी होती. होती का नव्हती?"

"होती."

"मग खालची वस्ती का नाही घेतलीस?"

तो चावत राहिला. मग म्हणाला, "मला टेकडी माहीत आहे. वळणं माहीत आहेत."

"आणि मी? मी माहीत नाही?"

"आता यात तू कुठून आलीस, मार्ली?"

मी कुठून आले! मी उठून त्याची ताटली त्याच्यासमोरून उचलली. तो पास्टीचा तुकडा हातात धरून तसाच बसला.

मंगळवारी ऊन पडलं होतं, रॉय कामावर होता, आणि मी गाडी काढून टेकडीवर गेले. वर जुन्या खाणमालकांची घरं आहेत, उंच खिडक्यांची, रंग उडालेली. स्प्रूस गल्ली पुढे बंद होते. दोन्ही बाजूंच्या सगळ्या घरांसमोर वरंबे पडले होते आणि लोक सुपडी घेऊन ते फोडत होते. शेवटच्या घरासमोर मात्र वाट अशी स्वच्छ होती की बशी ठेवून जेवावं. मी त्या वाटेतच गाडी घातली.

दार उघडलं ते काठी टेकत. बाई पंचाहत्तरीच्या तरी होत्या. गळ्यात मोती नव्हते, चष्म्याची दोरी होती. वय बघून माझा राग उतरायला हवा होता. उतरला नाही.

"मी रॉयची बायको," मी म्हणाले.

"अय्या, मार्लीन!" आणि त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. "या, आत या, गार पडाल. मी कधीपासून म्हणतेय त्याला, तिला एकदा घेऊन ये. कंबर कशी आहे तुमची?"

माझी कंबर या बाईला कशी माहीत?

त्यांनी मला स्वयंपाकघरात बसवलं, कॉफी ओतली. आपणच सांगायला लागल्या. गल्ली पुढे बंद म्हणून रॉय इथे गाडी फिरवतो आणि दहा मिनिटं विसावा घेतो. थर्मासातली कॉफी पितो. बाई कोट अंगावर टाकून बाहेर जातात, तो काच खाली करतो, आणि दोघं बोलतात.

"काय बोलतो तो?" मी विचारलं. आमच्या घरी रॉय 'हं' आणि 'तोच' यांवर सबंध आठवडा काढतो.

"काय काय. त्याच्या भावाबद्दल बोलतो, तो तळ्यात बुडाला ना. निवृत्तीनंतर नाव बांधायची म्हणतो, लाकडाची. कधी नुसताच बसतो. आणि हो, कान कसा आहे आता?"

"कुठला कान?"

"डावा. शिट्टी वाजते ना सारखी, इंजिनामुळे. या बाजूने ऐकूच येत नाही म्हणाला. डॉक्टरकडे गेला की नाही?"

मी कॉफीचा कप खाली ठेवला. लग्न झाल्यापासून मी जेवणाच्या टेबलावर रॉयच्या डावीकडे बसते. मला वाटायचं तो मुद्दाम लक्ष देत नाही. मी वर्षानुवर्षं त्या कानाशी भांडत होते, आणि तो कान बंद आहे हे टेकडीवरच्या परक्या बाईला माहीत होतं.

"तुम्ही ते बातमीपत्रात कशाला लिहिलंत?" मी शेवटी म्हणाले.

"का, चुकलं का काही? त्याचं नाव व्हावं म्हणून लिहिलं."

"गावात कोणाच्याच दाराशी पातं वळत नाही, मिसेस ट्रेथवे. कोणाच्याच नाही."

त्या गोंधळल्या. "मला वाटलं, सगळे चालक तसंच करतात. म्हाताऱ्यांसाठी."

त्या खरं बोलत होत्या. त्या एखादी लबाड, नटवी बाई असत्या तर मी त्यांच्या झिंज्या उपटून मोकळी झाले असते. आता नीट रागावताही येईना, आणि पोटातली आग तर तशीच होती. निघताना त्यांनी मला सांभाळून जा, उतारावर घसरतं असं सांगितलं. मी इथेच जन्मले आहे हे मी त्यांना सुनावलं.

त्या रात्री जेवताना मी खुर्ची उचलून रॉयच्या उजवीकडे ठेवली. त्याने माझ्याकडे पाहिलं, खुर्चीकडे पाहिलं, आणि बटाटे वाढून घेतले. त्याने काही विचारलं नाही, म्हणून मीही सांगितलं नाही. स्वतःहून सांगितलं असतं त्याने मला, तर काय बिघडलं असतं?

इकडे बातमीपत्राने गावात आग लावली होती. जोडीला म्हणे फोन थांबेनात. स्प्रूस गल्लीतल्या लोकांना वाटलं की आपल्या दारात ट्रेथवेबाईंचा बर्फ पडतो. खालच्या वस्तीला वाटलं की टेकडीवाल्यांचे लाड चाललेत. ज्यांच्याकडे तक्रार नव्हती त्यांनाही एक सुचली. पुढच्या शुक्रवारच्या बातमीपत्रात पहिल्याच पानावर आलं: वरंब्यांच्या प्रश्नावर वॉर्डाची सभा, गुरुवारी संध्याकाळी, शाळेच्या जेवणघरात, कॉफी मिळेल.

रॉयला बोलावणं होतं. तो इस्त्रीचा शर्ट घालून आला आणि मागच्या बाकावर बसला. मी डोनाजवळ बसले. शाळेतल्या त्या बुटक्या बाकांवर सगळं गाव गुडघे हनुवटीला लावून बसलं होतं. मिसेस ट्रेथवे पहिल्या रांगेत, काठी मांडीवर आडवी धरून.

"एकेकाने बोला," जोडी म्हणाली. "आणि ल्यूक, तू आधीच उभा आहेस, तर तूच बोल."

ल्यूक बोशां हा ट्रेथवेबाईंचा शेजारी. "मला एवढंच विचारायचंय की हिचा बर्फ जातो कुठे? हवेत विरतो? माझ्या दारात येतो! मी गेली कित्येक वर्षं दोन घरांचा वरंबा काढतोय, आणि मला वाटत होतं की देवच मला परीक्षेला बसवतोय!"

लोक खो खो हसले.

"आयजीच्या जिवावर बायजी उदार!" मागून कोणीतरी ओरडलं. "डिझेल आमच्या कराचं आणि मेहेरबानी रॉयची!"

"माझ्या सासऱ्यांची बायपास झालीय, त्यांच्या दारात का नाही वळत?"

"अहो, तुमचे सासरे मागच्या आठवड्यात मासे धरायला गोठलेल्या तळ्यावर खड्डा पाडत होते, मी पाहिलं!"

जोडीने टेबलावर चमचा आपटला. रस्ते खात्याचे साहेब ब्रूस हॉलंड तिच्या शेजारी बसले होते, त्यांनी घसा साफ केला. "रॉय, नियम तुला माहीत आहे. या शहरात सगळ्यात जुना चालक तू. मग हे का?"

रॉय उभा राहिला. लोकांसमोर बोलायची त्याला सवय नाही. त्याने टोपी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. मला वाटलं, म्हणेल की बाई म्हाताऱ्या आहेत, एकट्या आहेत, पाय अधू आहे. तेवढं म्हणाला असता तर सगळ्यांनी मान डोलावली असती आणि मीही घरी जाऊन झोपले असते.

"ती हात करते," रॉय म्हणाला.

"काय करते?"

"हात. मी आलो की खिडकीतून हात वर करते. 'काय रॉय, कसा आहेस' म्हणते." तो थांबला. "गाडी घेऊन निघालं की सगळे बाहेर येतात ते सुपडं उगारून. शिव्या देतात. पोरं गोळे मारतात, ते ठीक आहे, पोरंच ती. पण मोठी माणसंही मारतात. मी त्यांना दोष देत नाही, वरंबा मीच टाकतो. पण सबंध शहरात एक माणूस असं आहे की ज्याला मी आल्याचा आनंद होतो. तिच्या दाराशी आलो की पातं वळतं. मी ठरवून करत नाही."

बोशांसुद्धा खाली बघायला लागला. मिसेस ट्रेथवेंनी चष्मा काढून पुसला.

आणि माझ्या अंगात जे पेटलं ते मी काय सांगू! एक माणूस म्हणाला. सबंध शहरात एक. मी त्याच शहरात राहते. त्याचे मोजे मी वाळवते, त्याची पास्टी मी करते, तो यायच्या आत घर गरम मी करून ठेवते. त्याने त्या बाईचा मुका घेतला असता तर मला परवडलं असतं. मी थयथयाट केला असता, बहिणीकडे निघून गेले असते, तो मला न्यायला आला असता, आणि सगळं रीतसर झालं असतं. पण तिने खिडकीतून नुसता हात वर केला होता, त्यावर भांडायचं तरी कसं?

"मला बोलायचंय," मी उभी राहून म्हणाले. डोनाने माझा स्वेटर ओढला. मी तिचा हात झटकला.

"बोल, मार्लीन," जोडी म्हणाली, आणि तिच्या आवाजात भीती होती.

"त्याला शिक्षा नका करू, दंडही नको. त्याचा पट्टा बदला. त्याला खालची वस्ती द्या, आमची. केनीला पाठवा टेकडीवर. रॉयला आमच्या गल्लीत गाडी चालवू द्या, स्वतःच्या बायकोच्या डोळ्यांदेखत. मग बघते मी पातं कसं वळतं ते!"

लोकांना हेच हवं होतं. एवढा वेळ कोंडलेलं हसू फुटलं, टाळ्या पडल्या. कोणीतरी ओरडलं, "घरचाच पहारा!" ब्रूस हॉलंडना मधल्या मध्ये सुटका मिळाली. केनी तिथेच होता. त्याने खांदे उडवले, हरकत नाही म्हणाला. जोडीने लिहून घेतलं आणि कॉफी गार होतेय असं जाहीर केलं.

मी रॉयकडे पाहिलं. तो माझ्याकडेच बघत होता. रागाने बघत असता तर बरं झालं असतं. तो चुकीच्या गल्लीत शिरल्यासारखा बघत होता.

गाडीतून घरी येताना त्याने एकदाच तोंड उघडलं. "हेच हवं होतं ना तुला?"

"हो."

"झालं मग."

मी जिंकले होते. डोनाने सगळ्या गल्लीला सांगितलं की मार्लीनने नवरा टेकडीवरून खाली उतरवून आणला. बायकांनी मला शाबासकी दिली. तरीही दोन दिवस माझ्या डोक्यात एकच चित्र होतं, की त्या बाई खिडकीत उभ्या आहेत, केनीची गाडी येतेय, आणि त्या केनीलाही हात करताहेत. त्यांना काय, हात करायची सवयच आहे. मग मला वाटलं, मलाही हात आहेत की! त्यात काय मोठंसं? पंचाहत्तरीच्या बाईला जमतं, तर मला का जमू नये?

सोमवारी तळ्यावरून वारा आला आणि सगळं पांढरं करून गेला. शाळा बंद, दुकानं बंद. सकाळी उजाडल्यावर मला गल्लीच्या तोंडाशी गाडीचा घरघराट ऐकू आला. मी निळा कोट घातला, बाहेर जायचा चांगला, सुपडं ओढायचा जुना नाही. ओठांनाही थोडं लावलं. डोना तिच्या खिडकीत पडद्याआड होती. बघू दे मेलीला, मी म्हटलं. मी वाटेच्या तोंडाशी जाऊन उभी राहिले.

गाडी आली. एवढी मोठी गाडी मी इतक्या जवळून क्वचितच पाहिली होती. पात्यावरून बर्फ लाटेसारखा उलटत होता. डोनाच्या पलीकडच्या दारात वरंबा पडला. डोनाच्या दारात पडला. माझं दार आलं. पातं वळलं नाही. माझ्या पायांपासून दोन हातांवर कमरेएवढा वरंबा उभा राहिला आणि निळ्या कोटावर चिखल उडाला.

मी हात वर केला.

ब्रेक करकरले. गाडी थोडी पुढे जाऊन थांबली. रॉयने काच खाली केली आणि मान बाहेर काढली.

"बोला बाई," तो म्हणाला. "काय तक्रार आहे?"

मला वाटलं थट्टा करतोय. मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. थट्टा नव्हती. काम करणाऱ्या माणसाचं तोंड होतं ते, शांत, थोडं दमलेलं. कोणीतरी हात वर करून रस्त्यात आलंय, आता ऐकून घ्यावं लागणार, असं.

"तक्रार नाही," मी म्हणाले.

"मग?"

मला म्हणायचं होतं, काय रॉय, कसा आहेस. सोपं वाक्य आहे. टेकडीवरच्या बाई रोज म्हणत होत्या. ते माझ्या जिभेवर होतं, आणि तो वाट बघत होता, इंजिन धडधडत होतं, काच उघडी होती. त्याने भुवया वर केल्या, आणि मी त्या वरंब्याकडे पाहिलं.

"हा बघ ना," मी म्हणाले. "माझ्या दारात केवढा टाकलास."

"सगळ्यांच्याच दारात टाकलाय, मार्ली," तो म्हणाला, आणि त्याने काच वर केली.